जित्या लेकराला अळणी

माघ सरत आला होता तरी पहाटेला गोधडी सोडवत नव्हती. दुर्गाबाईच्या जात्याला मात्र थंडीचं काही नव्हतं. कोंबडं आरवायच्या आधीच ते घरघरायला लागायचं आणि त्याच्यासंगं म्हातारीचा जाड, जरासा फाटका गळा:

पहाटंच्या पारी बाई, दव जोंधळ्याच्या कणसा
हळू फिर रं जात्या, सगू निजली राजसा

ती ओवी कानावर पडली की द्वारका जागी व्हायची आणि कूस बदलून आधी लेकीचं पांघरूण चाचपायची. त्या दिवशी तिनं सगूच्या गालावरून हात फिरवला आणि हात डोळ्यापाशी अडला. पापणी पापणीसारखी लागेना. रात्रभर भिजलेल्या हरभऱ्यासारखी टच्च लागली.

तिनं चिमणी लावली. लेकीचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. फटीत पापणीचे केस तेवढे दिसत होते, तासात नुकतं उगवलेलं दिसावं तसे.

"आत्याबाई, सगूचं तोंड बघा बरं जल्दी."

जातं थांबलं. दुर्गाबाई पिठाच्या हातानंच आली, वाकली, नातीची हनुवटी उचलून उजेडाकडं केली.

"बिब्बा उतला," ती म्हणाली.

सगळा हिवाळा सगूच्या पायांना खरूज होती. फोड पिकायचे, फुटायचे, पोरगी रडून रडून झोपायची. दुर्गाबाईनं सुईवर बिब्बा तापवून त्याचं काळं तेल फोडांवर टिपलं होतं. फोड बसले. घरात सगळ्यांना सुख वाटलं. बिब्ब्याची ऊब अंगात चढून तोंडावर फुटते हे गावात कोणीही सांगेल, त्यामुळं दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं.

"मीच लावला, मीच उतरविते," दुर्गाबाई म्हणाली. "तीळ वाटून लेप देते. तू जा कामाला. दुपारच्याला पोरगी टकामका बघती का न्हाई पाय."

आणि खरंच, ऊन वर आलं तशी सूज उतरली. दुपारी सगूनं डोळे उघडले, हसली. तिथंच सगळे फसले.

ज्वारीची काढणी चालली होती. द्वारका लेकीला शेतात न्यायची, पेंढ्यांच्या सावलीला घोंगडीवर निजवायची. पोरगी आताशा खेळायला उठत नव्हती. जिथं ठेवली तिथं बसायची. शेजारच्या पातीवरची धुरपदा विळा थांबवून म्हणाली, "द्वारके, काय चारून राह्यली गं पोरीला? गाल तर शेठाच्या घरच्यावाणी आलेत."

"धुरपदे, नजर लावू नको."

"मी कशाला लावू? तूच बोट लाव काजळाचं. सुगीत तिचीबी सुगी झाली म्हनावं!"

बाया हसल्या. द्वारकाही हसली. पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या सुगीत जन्मलेली ही पोर, जन्मापासून काडीसारखी. कोणी तिला भरली म्हणावं हे द्वारका पहिल्यांदाच ऐकत होती. दिवसभर ते शब्द तिच्या अंगात ऊन पडल्यासारखे राहिले. विळ्याचा हातसुद्धा हलका चालला. पुढं कित्येकदा तिला त्या हसण्याची लाज वाटायची होती.

संध्याकाळी तिनं लेकीचे पाय धुवायला घेतले तर चांदीचे वाळे सरकेनात. मांसात रुतले होते. साबण लावून एक निघाला, दुसरा निघाला नाही. पोरगी ओरडली नाही, नुसती बघत राहिली.

कडूबा शेतावरून आला. हाताच्या भेगांना तेल चोळत ओसरीत बसला. द्वारका त्याच्या पुढ्यात पाणी ठेवून म्हणाली, "आयकलं का, पोरीला दाखवाया न्यावं लागतंय."

"कोनाला?"

"कोन्या डाक्टरला. पाय सुजलेत."

"बिब्बा उतलाय म्हन्ली ना माय?"

"बिब्बा तोंडावर उततो म्हनत्यात, मंग पाय काहून सुजले?"

कडूबानं दुसऱ्या हाताला तेल घेतलं. मग म्हणाला, "खळं होऊ दे. उघड्यावर जोंधळा टाकून कुठं जाऊ? एक पात मळून झाली की जाऊ."

तो वाईट माणूस नव्हता. पण वरल्या अंगाला ढग दिसत होते आणि कापलेली कणसं जमिनीवर पडली होती. ज्याला हे ठाऊक त्याला त्याचं बोलणंही कळावं.

दुसऱ्या दिवशी द्वारका पेठेत जेठमलशेठच्या घरी तूर निवडायला गेली. शेठ परतूरच्या बाजाराला कापूस घेऊन जायचे. त्यांची बायको इचरजबाई वयानं पन्नाशीची, उंच, थोडं बोलणारी. सगू ओसरीतल्या खांबाला टेकून बसली होती. इचरजबाईनं सूप घेऊन येता येता तिच्याकडं पाहिलं आणि सूप तिथंच खाली ठेवलं.

"द्वारका, छोरीला उजेडात आण."

तिनं सगूला मांडीवर घेतलं, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला. ओल्या मातीत बोट रुतावं तसा. दोघी बायका त्या खळग्याकडं बघत राहिल्या. तो भरायला फार वेळ लागला.

"मूत बघितलंस?"

"लालकाळं होतंय. कुळथाच्या कढणावाणी. म्हन्लं उन्हानं असंल."

"कमी होतंय?"

"हौ. लई कमी."

इचरजबाईनं पदर डोक्यावर पुढं ओढला. "माझ्या शांतिलालचं असंच झालं. सकाळी डोळे सुजलेले, सांजेला उतरलेले. आम्ही म्हटलं पोरगं अंगानं सुधारलं. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले." ती असं बोलत होती की जणू ही दुसऱ्याच कोणाच्या घरची हकीकत. "जालन्याला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी का नाही आणलं? ते सांगून राहिले आणि मी पोरगं घेऊन उभी. तू आज जा. तूर राहू दे."

द्वारका पोरीला कडेवर मारून घरी नाही, सरळ खळ्यावर गेली.

कडूबाकडं एकच बैल होता, पुंजारामकडं एक. दोघांची सावड. पात कोणाचीही असो, जोडी त्या दोघांची. कडूबानं बैल सोडायला घेतले तसा पुंजाराम खळ्याच्या मधल्या खांबापाशी, तिवड्यापाशी आडवा झाला.

"कुठं निघाला?"

"परतूरला. मंग गाडीनं जालना."

"आन माझं खळं? उद्या माझी पात हाय. पोरगी डोळे चोळती म्हनून माझा जोंधळा भिजवू?"

"पुंजाराम, बघ तरी एकदा."

"काय बघू? लेकरं दुखत्यात, उठत्यात..." म्हणता म्हणता त्यानं द्वारकाच्या कडेवर पाहिलं. सगूनं सुजल्या फटीतून त्याच्याकडं पाहिलं. पुंजाराम तिवड्यापासून सरला. मग बैलाच्या कासऱ्याला हिसका देऊन म्हणाला, "बाजूला हो. तुला जू तरी बराबर घालता येतंय का? मी येतो परतूरपर्यंत. पाऊस आला त आला."

गाडीत कडब्याची गादी केली होती. खडकाळ वाट, दोन्ही अंगांना कापलेल्या ज्वारीचे खुंट, मधूनच करडईचा पिवळा पट्टा. सगूनं एकदाच पाणी मागितलं. परतूरच्या ठेसनावर तिनं आगीनगाडी पाहिली तरी बोट केलं नाही. लेकरानं आगीनगाडीकडं बोट केलं नाही तेव्हा कडूबानं पहिल्यांदा तिला द्वारकाच्या कडेवरून आपल्याकडं घेतलं.

जालन्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नाकावर चष्मा, हातात सोन्याची एक बांगडी, अशा होत्या. त्यांनी पापण्या उलटून बघितल्या.

"डोळे आले असते तर लाल झाले असते. चिकटले असते. पोरीनं चोळून जीव घेतला असता. हे तसलं नाही. डोळ्याचं दुखणंच नाही हे."

"मंग, बाई?"

त्यांनी काचेच्या नळीत सगूची लघवी घेऊन दिव्यावर तापवली. नळीत पांढरं धरलं, अंडं शिजावं तसं. "बघा. अंगातलं सत्त्व चाललंय बाहेर. पाठीत दोन गुर्दे असतात, अंगातलं मीठपाणी गाळतात ते. पायाच्या खरजेचं विष हिच्या गुर्द्यांना लागलंय. मीठ बाहेर पडेना, म्हणून पाणी अंगात साठलंय. पापणीची कातडी पातळ, तिथं आधी दिसतं."

"मी बिब्बा लावला नव्हता, सासूनं..." द्वारका म्हणाली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं.

"बिब्बा पुन्हा लावू नका. पण आता कोणी लावला ते सोडा."

कडूबा खळ्यासाठी परत गेला. द्वारका लेकीच्या खाटेखाली पथारी टाकून राहिली. सुया टोचल्या, पोरगी विव्हळली, आणि मग एका सकाळी द्वारकाला तिच्या लेकीचं जुनं, काडीसारखं तोंड पुन्हा दिसलं. गाल बसलेले, डोळे मोठे. हडकुळं लेकरू बघून आई सुखानं रडली, याचं शेजारच्या खाटेवरच्या बाईला नवल वाटलं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं. सकाळी उठल्याबरोबर डोळे बघायचे. नडगी दाबायची. लघवी वाटीत धरून रंग बघायचा. निजवून ठेवायचं, फिरू द्यायचं नाही. "आणि मीठ बिलकुल नाही. मी सांगेपर्यंत नाही."

न्यायला आलेल्या कडूबानं विचारलं, "चिमूटभर?"

"चिमूटभरही नाही."

घरी आल्यावर द्वारकानं पहिल्या सांजेला वरणाचं वेगळं बोळकं चुलीवर ठेवलं. हळद घातली, जिरं घातलं. दुर्गाबाई मिठाचं मडकं पुढं सरकवत होती. द्वारकानं ते मागं सारलं.

"हिच्यात न्हाई, आत्याबाई."

"काहून?"

"डाक्टरीणबाईनं सांगितलंय. अळणी द्या म्हनून."

दुर्गाबाईचा हात मडक्याच्या काठावर तसाच राहिला. "अळणी?" ती म्हणाली. "जित्या लेकराला अळणी? बाई, अळणी कवा शिजवत्यात ठाव हाय का तुला? मढं उचलून नेलं की शिजवत्यात. सुतकात."

"शेठाणबाई म्हन्ल्या, त्यांच्यात अळणी देवाचं असतंय. उपासाला खात्यात, आयंबिल म्हनत्यात."

"त्यांचं त्यांच्यापाशी. या चुलीवर अळणी चढायचं न्हाई."

"चढलंय," द्वारका म्हणाली. बोळकं तिनं उतरवलं नाही.

सगूनं पहिला घास तोंडात घेतला आणि थुंकला. दुसरा थुंकला. "मीठ दे," म्हणाली. द्वारकानं मग आपल्या ताटलीतही तेच वरण वाढून घेतलं. "हे पाय, मी खाऊन राह्यली का न्हाई? मायबी खाती, सगूबी खाती." तो बेचव लगदा तिला गिळवत नव्हता, पण तोंडावर तिनं हसू धरलं. लेकीनं दोन घास खाल्ले. त्या दिवसापासून द्वारका लेकीसंगं अळणीच जेवू लागली.

विहिरीवर बोलणं झालंच. धुरपदानं घागर टेकवत विचारलं, "कोन गेलं गं तुमच्यात? सुतक दिसतंय चुलीला."

"जिभेला हाड न्हाई तुझ्या, धुरपदे."

"मला काय, गाव बोलतंय. तुझी सासूच सांगत व्हती रडून."

द्वारकानं भरलेली घागर तशीच उचलली. अर्धी अंगावर सांडली.

खळ्यावर उपणणी निघाली. तिवईवर कडूबा उभा, खालून द्वारका टोपली द्यायची. दुसरा माणूस नव्हता. सगूला दुर्गाबाईजवळ ठेवावं लागायचं. म्हातारी नातीपाशी दिवसभर बसायची, माशा हाकायची, केस विंचरायची, हळू आवाजात गायची:

शेत माझं गं वाहिलं, मातीनं म्या लिंपियेलं
सगूच्या गं पापनीत पानी कुनी अडविलं

जीव लावण्यात तिची कसूर नव्हती. तरी चार-सहा दिवसांत सगूची पापणी पुन्हा जड झाली. सकाळी फट बारीक, नडगीत खळगा. द्वारकानं वाटीत बघितलं तर रंग पुन्हा गढूळ. तिनं स्वतःलाच झाडून घेतलं. भांडं नीट घासलं नव्हतं का? पळीला मीठ लागलं का? तिनं पळी वेगळी केली, पाट वेगळा केला. सूज वाढतच राहिली. आता पोटही फुगलं.

एका दुपारी ती खळ्यावरून लवकर आली. तोंडावर, पापण्यांवर भुसा. सगू जागी होती. आईला बघून तिनं हात पुढं केला आणि खेळात आपली बोटं आईच्या ओठांवर दाबली, भरवल्यासारखी.

द्वारका थिजली.

इतक्या दिवसांत मीठ न शिवलेली तिची जीभ. त्या जिभेला तो खारटपणा चटका बसावा तसा बसला. तिनं लेकीची मूठ उघडली. तळहाताच्या रेषांत ओल होती, आणि अंगठ्याच्या बेचक्यात विरघळत आलेला जाड्या मिठाचा खडा.

"कोन दिलं गं हे?"

"आज्जीनं," सगू म्हणाली. "खडीसाखर."

दुर्गाबाई दारातच उभी होती. तिनं नाकारलं नाही.

"किती दिवस?" द्वारकानं विचारलं.

"ती मागत होती."

"किती दिवस, आत्याबाई?"

"रोज," म्हातारी म्हणाली. "तू गेली की रडून राह्यची. आज्जी मीठ दे, आज्जी मीठ दे. मी काय दगड हाय?"

"तुम्ही माझी पोरगी मारून राह्यल्या!"

त्या घरात सुनेनं सासूवर आवाज चढवायची ती पहिलीच वेळ. कडूबा धावत आला. द्वारकानं नुसती लेकीची मूठ त्याच्यापुढं उघडून धरली.

दुर्गाबाई खाली बसली. भिंतीला धरून, हळूहळू, ओझं उतरवताना बसतात तशी. "कडूबा," ती म्हणाली, "तुझ्या मागं-पुढं मला लेकरं झाली. तुला ठावं न्हाई. दर बारीला घरात लोक बसलेले, आन मी चुलीवर अळणी चढविलेलं. या चुलीनं दुसऱ्या कशाला अळणी शिजविलंच न्हाई रं. हिनं ते बोळकं ठेवलं आन मला दिसलं, पोरीला न्यायला आलेत. मला वाटलं मीठ तोंडात असंल तवर ती जित्या माणसांतली ऱ्हाईल."

बाहेर बैल घुंगरं हलवत होता.

कडूबानं चुलीमागचं मिठाचं मडकं उचललं. दुर्गाबाईला वाटलं, तो आपटतो. त्यानं आपटलं नाही. ते डोक्यावर घेऊन तो भर दुपारचा पेठेतून चालत गेला. धुरपदा ओट्यावर उभी राहिली, पारावरच्या माणसांनी विचारलं, "कडूबा, मीठ इकाया काढलं का काय?" तो खाली बघून चालत राहिला आणि मडकं त्यानं इचरजबाईच्या ओसरीत ठेवलं.

"शेठाणबाई, हे तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

इचरजबाईनं मडकं बघितलं, त्याचं तोंड बघितलं. "मडकं घरी ने," ती म्हणाली. "छोरीला आण इथं."

पण त्याआधी पुन्हा जालना झालं. या खेपेला पुंजारामनं बैल आणून स्वतःच जुंपले. सगूला आता धाप लागत होती, निजवलं की गुदमरायची, म्हणून द्वारका सबंध वाट तिला छातीशी उभी धरून बसली. दवाखान्यातले पहिले दिवस असे होते की डॉक्टरीणबाई खाटेशी थांबायच्या आणि काही न बोलता पुढं जायच्या. द्वारका त्यांच्या तोंडाकडं बघायची. तेवढंच वाचता येत होतं तिला.

पोरगी राहिली. पण निघताना बाई म्हणाल्या, "गुर्द्यांना दोनदा मार बसलाय. कितपत भरून निघेल, मी आज सांगू शकत नाही. वर्षभर जपायचं. थंडीत, खरूज आली की, ताप आला की, ताबडतोब आणायचं."

"बरी व्हईल ना पन?"

"जपा," बाई म्हणाल्या.

सगू आणि द्वारका इचरजबाईच्या मागल्या ओसरीत राहू लागल्या. गावानं त्यालाही नावं ठेवली. इचरजबाई रोज सकाळी दोन वाट्या मांडायची, एकीत बिनमिठाचं मुगाचं कढण, एकीत लिंबू. सगू आता मागत नव्हती. जे दिलं ते खायची. ते मागणं बंद झालेलं द्वारकाला बघवत नव्हतं.

दुर्गाबाईनं लेकीला हात लावायचा नाही, असं द्वारकानं ठरवलं होतं. तिनं ते एकदाच सांगितलं, कडूबादेखत. म्हातारीनं मान हलवली. घरचं जातं चालायचं, कडूबा सांगायचा, पण ओवी नाही. नुसती घरघर.

सरत्या फाल्गुनातली एक सकाळ. जोंधळा घरात आला होता, लिंबाला कोवळी पालवी होती. द्वारका सगूला उन्हात घेऊन बसली. डोळे बघितले, उघडे होते. नडगी दाबली. खळगा उठला आणि लगेच भरला. वाटीतला रंग पातळ, पिवळसर. तिन्ही एकदम चांगलं दिसलेली ती पहिलीच सकाळ. तरी तिला हसू येईना. उद्याची सकाळ होतीच.

अंगणाच्या फाटकाशी दुर्गाबाई उभी होती. केव्हा आली कळलं नाही. आत आली नाही. लुगड्याचा पदर तिनं पुढं ओढून झटकला, दोनदा. मग कनवटीची गाठ सोडून दाखवली. मग दोन्ही तळहात वर करून उघडे धरले, उन्हात, बोटं पसरून. भेगाळलेले, रिकामे.

सगूनं तिच्याकडं पाहिलं. पोरीच्या तोंडावर क्षणभर काहीतरी उजळलं. तिनं हात पुढं केला. म्हातारी जागची हलली नाही, तशीच तळहात दाखवत राहिली. सगूनं त्या हातांत काही नाही हे पाहिलं, आणि मान फिरवून आईच्या छातीत तोंड लपवलं.

द्वारकाला बोलवावंसं वाटलं. 'या, बसा,' एवढंच. शब्द ओठांवर आले. पण तिनं लेकीच्या पाठीवरचा हात काढला नाही आणि तोंडही उघडलं नाही.

दुर्गाबाईनं हात खाली घेतले. फाटक ओढून घेतलं, कडी नीट लागली का पाहिलं, आणि ती उन्हातून घराकडं चालू लागली.